आधी निब, मग पेन

नमस्कार श्रोतेहो.

शाईचं पेन घ्यायला गेलं की आपण आधी रंग बघतो, मग कंपनीचं नाव. निबेकडे लक्ष जातं ते घरी आल्यावर. माझी कळकळीची विनंती आहे, हा क्रम उलटा करा. आधी निब, मग शाई भरायची सोय, आणि रूप सगळ्यात शेवटी.

निब पारखायला आपल्या देवनागरीसारखी कसोटी नाही. दुकानात सही करून बघू नका. सही वेगात होते, त्यात दोष लपतो. त्याऐवजी 'रक्षण' लिहा, 'ज्ञानेश्वर' लिहा आणि मग वर सावकाश शिरोरेघ ओढा. ही रेघ मध्येच कोरडी पडली किंवा कागद खरवडला, तर ते पेन खाली ठेवा, कितीही देखणं असो. 'क्ष'ची गाठ शाईनं बुजली, तर तुमच्या अक्षराला ती निब जाड आहे. जपानी पेनांची 'फाइन' निब युरोपातल्या 'फाइन'पेक्षा सहसा बारीक असते, हे न बघता मागवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

रोज पानंच्या पानं लिहिणाऱ्यांना मी ड्रॉपरनं भरायचं एबोनाइटचं, म्हणजे कडक केलेल्या रबराचं, पेन सुचवेन. राजमहेंद्रीच्या रत्नम पेनांसारखी ही पेनं आपल्या देशात आजही हातानं घडवतात. पोटात शाई भरपूर मावते. मात्र शाई तळाला गेली की हाताच्या उबेनं आतली हवा फुगते आणि निबेवाटे थेंब पडतो. म्हणून निम्मी संपली की भरून टाकायची.

आता जुनी पेनं. पुण्याच्या जुन्या बाजारात एकदा 'चालू आहे' एवढ्या शब्दावर मी एक पेन घेतलं. घरी उघडलं तर आतल्या रबरी नळीचा भाजलेल्या पापडासारखा चुरा झालेला. फार वाईट वाटलं. तेव्हापासून खिशात भिंग असतं. निबेच्या टोकावरचा दाणा दोन्ही बाजूंना सारखा आहे ना, टोपणाच्या कडेला केसासारखी चीर नाही ना, हे उजेडात धरून बघतो. मग विक्रेत्याकडे पाणी मागतो आणि पेन भरून, दाबून रिकामं करून बघतो. पाणी भरू देत नसेल, तर व्यवहार नको.

पहिलं जुनं पेन घेणाऱ्यानं पार्कर ५१ शोधावं. हे १९४१ साली बाजारात आलं. निब जवळजवळ सगळी झाकलेली, त्यामुळे शाई लवकर सुकत नाही. सुरुवातीच्या पेनांत रबरी पडदा असायचा, तो कडक होतो. १९४८पासून दाबून भरायची जात निघाली, तिची नळी प्लॅस्टिकची. ती इतकी टिकाऊ, की अनेक पेनं नुसती धुतली तरी लिहायला लागतात. तीच घ्या.

धुवायचं मात्र साध्या गार पाण्यानं, घाई न करता. माझं ५१ मी वाटीत उभं ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशीही निबेतून दोऱ्यासारखी निळी रेघ पाण्यात उतरत होती. कुणीतरी कधीकाळी शेवटचं काही लिहून ते तसंच ठेवून दिलं असणार. चौथ्या दिवशी पाणी स्वच्छ राहिलं, आणि मग मी दौत उघडली.