एका पिसावरून पोपट

पडद्यावर दिसते आहे ते पीस आंबोलीच्या रस्त्याकडेला सापडले. ते लांब, अरुंद आणि निळे असून टोकाशी पिवळे आहे. ते पोपटाचे आहे हे कुणीही सांगेल. कोणत्या पोपटाचे, हे सांगताना मात्र आपण बहुतेक वेळा रंगावर विसंबतो आणि तिथेच फसतो.

पोपटाच्या पिसात हिरवे रंगद्रव्य नसतेच. पिसाच्या तंतूंमधील स्पंजासारख्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरला की निळा रंग दिसतो, आणि त्यावर सिटॅकोफुल्विन नावाच्या, फक्त पोपटांतच आढळणाऱ्या पिवळ्या रंगद्रव्याचा थर आला की आपल्याला हिरवा दिसतो. म्हणूनच तेच पीस खिडकीसमोर धरून आरपार पाहिले, तर हिरवा जाऊन मळकट तपकिरी छटा उरते. पीस पाहायचे ते प्रकाशाकडे पाठ करून.

त्यानंतर पीस अंगावर कुठे होते ते ठरवावे. दांड्याच्या एका बाजूचे पाते अरुंद आणि दुसऱ्या बाजूचे रुंद असेल तर ते बहुधा पंखाचे. दोन्ही बाजू जवळपास सारख्या आणि पीस लांब असेल तर शेपटीच्या मधल्या जोडीतले. ही मधली जोडी सर्वांत बोलकी असते. आपल्या नेहमीच्या कंठवाल्या पोपटाची शेपटी साधारण २५ सेंटीमीटरपर्यंत जाते, पहाडी पोपटाची ३५ पर्यंत. त्यामुळे ३० सेंटीमीटरचे पीस हाती आले तर फारसा वाद उरत नाही. आखूड पीस मात्र पुरते वाढलेले नसूही शकते, तेव्हा तळाशी आवरणाचे अवशेष आहेत का ते पाहावे. जांभळ्या डोक्याच्या पोपटाच्या शेपटीचे टोक पांढरे असते आणि सह्याद्रीतल्या मलबारी पोपटाचे पिवळे. आंबोलीचे आपले पीस या शेवटच्याचे, असे मी म्हणतो, पण ते आंबोलीचे आहे म्हणून. निळसर शेपटीला फिकट पिवळे टोक आसामातल्या गुलाबी डोक्याच्या पोपटालाही असते. मलबारी पोपट तिथे नाही.

छोट्या पिसांनी तर चांगले अनुभवी लोकही चकतात. खांद्याचे लालसर तपकिरी पीस दिसले की पहाडी पोपट म्हणून मोकळे होण्याची घाई होते; जांभळ्या डोक्याच्या नरालाही तसाच, लहानसा, डाग असतो. शहरात तर पिंजऱ्यातून उडालेल्या बजरी आणि लव्हबर्डचीही पिसे मिळतात.

डोळ्यांनी जिथे थांबावे लागते तिथून पुढे सूक्ष्मदर्शक कामाला येतो. १९६० मध्ये बॉस्टनला विमान कोसळले, तेव्हा स्मिथसोनियन संस्थेच्या रॉक्सी लेबर्न यांनी इंजिनातल्या पिसांच्या अवशेषांवरून साळुंकीच्या कुळातला युरोपीय स्टार्लिंग ओळखला. दांड्याच्या तळाशी जो मऊ लवदार भाग असतो आणि जो आपण चिखल लागला म्हणून पुसून टाकतो, त्याच्या तंतूंवरील गाठींच्या आकारावरून पक्ष्याचा गट समजतो. जात ठरवायला मात्र पुष्कळदा डीएनएच लागतो.

म्हणून पीस सापडले की ते पुसू नका. शेजारी पट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, तळाचा लवदार भाग वेगळा टिपा, गाव आणि तारीख लिहा, आणि नावाच्या जागी खात्री नसेल तर नुसते ‘पोपट’ लिहा.