अहमदाबादचा मंच, वडशाचा टेम्पो

26 जानेवारी 2025 ची ही संध्याकाळ आहे. गडचिरोली जिल्ह्यातील वडशाजवळच्या एका गावात झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भात गावोगाव रात्रभर चालणाऱ्या नाटकाचा मंडप उभा राहिला आहे, पडदा उघडायला अजून बराच अवकाश आहे, आणि मंचामागे ध्वनिक्षेपकाच्या पेटीला टेकवून ठेवलेल्या एका मोबाईलभोवती साउंड-लाइटची पाच मुले दाटीवाटीने बसली आहेत. मोबाईलवर अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियममधून कोल्डप्ले या ब्रिटिश रॉक बँडच्या भारत दौऱ्यातील शेवटचा कार्यक्रम थेट दिसतो आहे. गायक ख्रिस मार्टिन लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर मंचाच्या टोकापर्यंत धावत येतो. मुलांची बोटे मात्र त्याच्या मागे उभ्या असलेल्या मंचाच्या लोखंडी सांगाड्याकडे वळतात.

मार्च 2022 मध्ये कोस्टा रिकातील सान होसे शहरातून निघालेला कोल्डप्लेचा हा जागतिक दौरा जानेवारी 2025 मध्ये अबू धाबीहून भारतात आला. 18, 19 आणि 21 तारखेला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये, तर 25 आणि 26 तारखेला अहमदाबादेत कार्यक्रम झाले. वृत्तपत्रांनी गाण्यांविषयी आणि गर्दीविषयी भरभरून लिहिले. एवढा मंच कोणी उभारला आणि कोणी उतरवला, हे विचारण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही. झाडीपट्टीच्या जाहिरातीवरही नट-नट्यांची छायाचित्रे ठळक असतात आणि तारा ओढणाऱ्याचे नाव कुठेच नसते.

आता या मुलांचे काम जवळून पाहू. हा जो माणूस कोपर आणि अंगठ्याभोवती तार गुंडाळतो आहे, तो प्रत्येक वेढ्याबरोबर ती बोटांनी चाचपत जातो, कारण गोदामात उंदरांनी कुरतडलेली एक जागा नजरेतून सुटली तर ऐन प्रवेशात माईक बंद पडतो. सापडलेल्या जागेवर तो काळी टेप गुंडाळतो आणि दातांनी तोडतो. मिक्सरवर बसलेला दुसरा तरुण मंडपाच्या शेवटच्या खांबापर्यंत चालत जाऊन आवाज ऐकून येतो. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, तारेतून मात्र संकेत क्षणात पोहोचतो. त्यामुळे मोठ्या मैदानात मागे लावलेल्या ध्वनिक्षेपकांचा आवाज मुद्दाम किंचित उशिरा सोडावा लागतो, नाहीतर मागच्या प्रेक्षकाला एकच शब्द दोनदा ऐकू येतो. स्टेडियममध्ये हे गणित यंत्र करते. इथे लांबचा कर्णा थोडा वळवून आणि त्याचा आवाज कमी करून भागवले जाते, आणि तेही बहुतेक वेळा नेमके जमते.

कोल्डप्लेच्या दौऱ्यात प्रेक्षकांनी सायकली चालवून आणि खास फरशीवर उड्या मारून निर्माण केलेली वीज साठवली जाते. सायकलींचे दृश्य आले तेव्हा मंडपामागे आपला डिझेलचा जनरेटर धडधडत होता, आणि त्याच्या टाकीत किती डिझेल उरले आहे हे काडी बुडवून पाहायला एक जण उठून गेला. प्रेक्षकांच्या मनगटांवरील पट्ट्या मंचाजवळून सोडलेल्या अवरक्त (इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणाऱ्या) किरणांच्या संकेतावर एकाच वेळी रंग बदलतात, हे कोडे मुलांनी बराच वेळ घोळवले. त्या पट्ट्या वनस्पतीजन्य पदार्थापासून बनवलेल्या असतात आणि कार्यक्रमानंतर परत गोळा केल्या जातात.

मोठ्या विदेशी दौऱ्यांत लोखंडी सांगाड्याचे एकाहून अधिक संच ठेवतात. एका शहरात कार्यक्रम चालू असताना दुसरा संच पुढच्या शहरात उभा राहत असतो. वडशाच्या टेम्पोत एकच संच आहे. नाटक पहाटे संपले की उजाडेपर्यंत पेट्या भरल्या जातात, आणि पुढच्या गावात दिवस मावळायच्या आत तारा ओढून व्हाव्या लागतात. पेट्यांवरचे हे पांढरे आकडे पाहा: भरताना मोठा आकडा आत आणि लहान आकडा दाराशी, म्हणजे आधी लागणारी पेटी आधी हाती येते. आकडे कोणी टाकले, तर याच मुलांनी.

होळीनंतर हा संच लग्नसराईला लागतो, काही जण तेंदूपत्त्याच्या तोडणीला जातात. मजुरी रात्रीच्या हिशेबाने मिळते आणि आजारपणाची रात्र बिनपैशाची जाते.