टी, कंसात 9 आणि 22: जॅनेट राउली यांना रक्ताच्या कॅन्सरमध्ये काय दिसलं

[पडद्यावर: बोन मॅरोच्या रिपोर्टमधली एक ओळ, टी (9;22)]

नमस्कार. ही ओळ बघा. छोटा टी, कंसात 9 आणि 22. ज्यांच्या घरात कुणाला सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कॅन्सर झालाय, त्यांच्या रिपोर्टवर ती असते. घरचे लोक ती वाचून काहीच न कळल्यामुळे पुढे जातात. डॉक्टर मात्र आधी तीच शोधतात, कारण गोळी कोणत्या जातीची द्यायची ते तिथं ठरतं.

तिचा अर्थ असा की 9 आणि 22 नंबरच्या गुणसूत्रांनी आपसांत तुकड्यांची अदलाबदल केलीय. ही अदलाबदल पहिल्यांदा ओळखली शिकागोच्या डॉ. जॅनेट राउली यांनी. साल 1972. आज त्यांच्या कामाबद्दल बोलू. थोडं गुणसूत्रांचं गणित येणार आहे, पण घाबरू नका, बेरीज-वजाबाकीच्या पलीकडे काही नाही.

आपल्या पेशीत 46 गुणसूत्रं, म्हणजे जनुकं वाहून नेणारे धागे, 23 जोड्या. साधारण मोठ्यापासून छोट्यापर्यंत त्यांना नंबर दिलेले आहेत. 1960 साली फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड या दोघांना सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र भलतंच आखूड दिसलं. एका रुग्णात दिसलं असतं तर योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं. हे त्या आजारात पुन्हा पुन्हा दिसत होतं. त्याला नाव पडलं फिलाडेल्फिया गुणसूत्र.

तुकडा कमी आहे, मग तो गेला कुठे? बहुतेकांनी धरून चाललं की तो नष्ट झाला. तपासून बघायची सोयही नव्हती. तेव्हाच्या रंगानं गुणसूत्र सगळीकडे एकसारखं रंगायचं. 21 नंबर आणि 22 नंबर शेजारी ठेवले तर कुठला कोणता हे सांगता येत नव्हतं. मधल्या आकाराच्या गुणसूत्रांची तर गर्दीच, 6 पासून 12 पर्यंत सगळी जवळपास सारखी.

[पडद्यावर: चमकणाऱ्या पट्ट्यांची गुणसूत्रं]

1970 च्या सुमारास स्वीडनमध्ये टॉर्ब्यॉर्न कास्परसन यांच्या गटानं क्विनाक्रिन वापरून गुणसूत्रं रंगवली. मलेरियावरच्या एका जुन्या औषधाच्या कुळातलं हे रसायन. अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात गुणसूत्रावर उजळ-मंद पट्टे उमटतात आणि प्रत्येक नंबरचे पट्टे वेगळे. आता प्रत्येक गुणसूत्राला ओळख मिळाली.

राउली हे तंत्र शिकल्या ऑक्सफर्डला. तिथं त्या पोहोचल्या कशा, हे सांगायलाच हवं, कारण पुढचं काम त्यातूनच आलंय.

जन्म 1925 चा. शिकागो विद्यापीठात मेडिकलला अर्ज केला तेव्हा 65 जणांच्या वर्गात मुलींना जागा फक्त 3, आणि त्या भरलेल्या. नऊ महिने थांबावं लागलं. 1948 साली डॉक्टर झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी डोनाल्ड राउली यांच्याशी लग्न केलं. पुढे चार मुलगे. मुलं लहान असताना आठवड्यातले काही दिवसच काम करायच्या, तेही डाऊन सिंड्रोमच्या मुलांच्या क्लिनिकमध्ये. 1959 साली पॅरिसमधून बातमी आली की डाऊन सिंड्रोममध्ये 21 नंबरचं एक गुणसूत्र जास्तीचं असतं. ज्या मुलांना त्या तपासत होत्या, त्यांच्या आजाराचं कारण सूक्ष्मदर्शकाखाली दिसू शकतं हे कळलं. पुढे नवऱ्याला अभ्यासासाठी ऑक्सफर्डला जायचं होतं, तर यांनी तिथं गुणसूत्रांचं काम मिळवलं. परत आल्यावर शिकागोत रक्ताच्या आजारांचे तज्ज्ञ लिऑन जेकबसन यांच्याकडे त्यांनी मागणं केलं: सूक्ष्मदर्शक, बसायला जागा आणि अर्धवेळ पगार. ते मिळालं. दुसऱ्यांदा ऑक्सफर्डला गेल्या तेव्हा पट्टे पाडायचं तंत्र शिकून आल्या.

अर्धवेळ नोकरीवाल्या बाईंना कुणी मोठी प्रयोगशाळा दिली नव्हती. माझं मत विचाराल तर त्याचा एक फायदा झाला. लवकर निकाल दाखवा असा तगादा लावणारंही कुणी नव्हतं.

क्विनाक्रिनची चमक पटकन विझते, म्हणून फोटो काढून ठेवावे लागतात. राउली ते फोटो घरी न्यायच्या, जेवणाच्या टेबलावर एकेक गुणसूत्र कात्रीनं कापायच्या आणि जोड्या लावायच्या. आईला कागदी बाहुल्या खेळायचा पगार मिळतो, अशी मुलं चेष्टा करायची.

1972 मध्ये त्या टेबलावर आधी एक वेगळीच गोष्ट सापडली. अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या दुसऱ्या एका कॅन्सरच्या दोन रुग्णांत 8 आणि 21 नंबरच्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केलेली. हे एका फ्रेंच नियतकालिकात छापून आलं, फारशी चर्चा झाली नाही.

मग त्यांनी सीएमएलचे फोटो काढले. 22 आखूड, ते माहीतच होतं. पण जोडीतलं एक 9 नंबर शेवटाकडे जरा लांब दिसत होतं. टोकाला एक फिकट तुकडा जास्तीचा. दुसऱ्या रुग्णात बघितलं, तिथंही तेच. आणि 9 वर जेवढं जास्त, साधारण तेवढंच 22 वर कमी. वजाबाकी जुळली. तुकडा नष्ट झालेला नव्हता, 9 वर जाऊन बसला होता. जून 1973 मध्ये हा शोध नेचर या विज्ञान नियतकालिकात आला, लेखिका एकच.

आता वाटेल की जग लगेच वळलं असेल. नाही वळलं. तेव्हा बऱ्याच संशोधकांचं म्हणणं होतं की कॅन्सरच्या पेशीत गुणसूत्रांचा गोंधळ होतोच. तो आजाराचा परिणाम आहे, कारण नव्हे. हा आक्षेप मूर्खपणाचा नव्हता हं. फोटो बघून कारण आणि परिणाम वेगळे काढता येत नाहीत. राउली यांचं उत्तर होतं आणखी रुग्ण, आणखी फोटो. 1977 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तिसरी अदलाबदल दाखवली. अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया म्हणजे एपीएल, त्यात 15 आणि 17. आता तीन वेगवेगळे ल्युकेमिया आणि प्रत्येकाची आपली ठरलेली जोडी. नुसता गोंधळ असता तर तो दरवेळी त्याच दोन जागी कशाला झाला असता?

जनुकं वाचायची साधनं आल्यावर बाकीचा उलगडा झाला. 9 नंबरवर एबीएल नावाचं जनुक असतं. ते पेशीला वाढीचा निरोप देणारं एक प्रथिन बनवतं, आणि ते प्रथिन गरजेपुरतंच चालतं. अदलाबदलीत एबीएल 22 वर जाऊन बीसीआर या जनुकाला चिकटतं. त्यातून जे जोडप्रथिन तयार होतं ते बंदच होत नाही, वॉशर गेलेल्या नळासारखं. पांढऱ्या पेशी वाढतच राहतात, प्लीहा सुजते, माणूस थकतो. 1990 मध्ये हेच जोडजनुक उंदरांच्या बोन मॅरोत घालून सीएमएलसारखा आजार निर्माण करून दाखवला गेला. कारण की परिणाम, हा वाद तिथं मिटला.

एक गोष्ट इथंच सांगतो, कारण सगळ्यात जास्त भीती हिचीच असते: ही अदलाबदल आई-वडिलांकडून येत नाही आणि मुलांकडे जात नाही. ती आयुष्यात पुढे कधीतरी, बोन मॅरोतल्या एका पेशीत घडते.

प्रथिन कळलं की ते अडवणारा रेणू शोधता येतो. स्वित्झर्लंडच्या सिबा-गायगी कंपनीत निकोलस लायडन यांचा गट असे रेणू बनवत होता. अमेरिकेतल्या ओरेगॉनचे डॉ. ब्रायन ड्रकर सीएमएलसाठी असा रेणू मिळवायच्या मागे लागले. 1998 मध्ये माणसांवर चाचणी सुरू झाली. इंटरफेरॉन हे तेव्हाचं नेहमीचं औषध ज्यांना लागू पडत नव्हतं किंवा सोसत नव्हतं अशा, 300 मिलिग्रॅम किंवा जास्त डोस घेणाऱ्या 54 रुग्णांपैकी 53 जणांचं रक्त नॉर्मलवर आलं. औषधाचं नाव इमॅटिनिब. मे 2001 मध्ये अमेरिकेत मंजुरी. पुढे मोठ्या चाचणीत इमॅटिनिबनं उपचार सुरू केलेल्यांपैकी 10 वर्षांनी सुमारे 83 टक्के लोक हयात होते. त्याआधी बोन मॅरो ट्रान्सप्लांट सोडला तर आजार मुळातून जाईल असं फारसं काही हातात नव्हतं.

इथपर्यंत गोष्ट फार सरळ वाटते ना? आधी गुणसूत्र, मग जनुक, मग गोळी. एपीएलची गोष्ट तशी नाही, आणि मला तीच जास्त आवडते.

एपीएलमध्ये रक्त गोठण्याची यंत्रणाच कोलमडते. रुग्ण मेंदूतल्या रक्तस्रावानं काही दिवसांत जाऊ शकतो. 1980 च्या दशकात शांघायमध्ये वांग झेनयी यांनी अशा रुग्णांना व्हिटॅमिन ए पासून आलेलं एट्रा नावाचं औषध द्यायला सुरुवात केली. 1988 मध्ये त्यांच्या गटानं 24 रुग्णांची माहिती छापली, त्यातल्या 23 जणांचा आजार फक्त एट्रावर आटोक्यात आला होता. पेशी मारून टाकण्याऐवजी हे औषध अर्धवट वाढलेल्या पेशींना पूर्ण वाढायला लावतं. का, ते तेव्हा नीट माहीत नव्हतं. 1990 च्या आसपास कळलं की 17 नंबरवर जिथं तुटतं, तिथं व्हिटॅमिन ए चा निरोप घेणारं जनुक आहे! म्हणजे औषध एका वाटेनं आलं, राउली यांचा फोटो दुसऱ्या वाटेनं, आणि दोन्ही एकाच जागी भेटले. पुढे चीनमधूनच आर्सेनिकचा उपचार आला. 2013 च्या एका चाचणीत, फार जोखीम नसलेल्या रुग्णांना एट्रा आणि आर्सेनिक दिलं, पारंपरिक केमो नाही, आणि 2 वर्षांनी 97 टक्के लोक आजार न उलटता होते.

म्हणून सगळ्या कॅन्सरना अशी एक गोळी मिळेल का? नाही. सीएमएलमध्ये सुरुवातीला एकच बिघाड सगळा आजार चालवतो. फुफ्फुस किंवा आतड्याच्या गाठीत बिघाड बरेच असतात आणि गाठीच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे असू शकतात. शिवाय रक्ताचा नमुना पुन्हा पुन्हा काढता येतो, गाठीचा तितक्या सहज नाही. सीएमएलमध्येही एबीएलमध्ये नवा बदल होऊन गोळी लागू पडेनाशी होते. टी315आय हा त्यातला सगळ्यात चिवट. त्यासाठी पोनॅटिनिबसारखी पुढची औषधं आहेत.

राउली यांना 1998 मध्ये लास्कर हा अमेरिकेतला वैद्यकातला मोठा पुरस्कार मिळाला, नॉवेल आणि कॅन्सरच्या जनुकांचे संशोधक आल्फ्रेड नडसन यांच्याबरोबर. 2013 मध्ये त्या गेल्या. नोबेल मिळालं नाही. मिळायला हवं होतं असं मला वाटतं, कमेंटमध्ये भांडा खुशाल.

शेवटी, जे प्रेक्षक ही गोळी घेताहेत त्यांच्यासाठी.

[पडद्यावर: पीसीआर रिपोर्टचा नमुना]

गुणसूत्रांच्या फोटोची जागा आता बऱ्याच अंशी पीसीआर या रक्ताच्या चाचणीनं घेतलीय. बीसीआर-एबीएल किती टक्के उरलंय ते त्यात कळतं. हा आकडा काही वर्षं अगदी तळाला राहिला, तर काही रुग्णांची गोळी थांबवून बघता येते. त्यातल्या साधारण निम्म्यांचा आजार परत डोकं वर काढतो, बहुतेकदा पहिल्या सहा महिन्यांत. गोळी पुन्हा सुरू केली की तो जवळपास सगळ्यांत आटोक्यात येतो, पण वेळेत कळलं तर. म्हणून हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सुरुवातीला दर महिन्याला पीसीआर करतच करायचं. बरं वाटतंय म्हणून स्वतःहून गोळी बंद करू नका.