नंबर खरा काढा, पूर्ण द्या

(साताऱ्यात पालक आणि शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय आहे ‘मुलांचा मायनस नंबर वाढू नये म्हणून’. मायनस म्हणजे लांबचं धूसर दिसण्याचा नंबर. त्याकडे येतोच. पण आधी नंबर काढायच्या पद्धतीबद्दल बोलू द्या. तिथेच चूक झाली तर पुढचे उपाय कशाच्या भरवशावर करायचे?

मुलांच्या डोळ्यातलं भिंग लवचीक असतं. जवळचं बघताना आतला स्नायू आवळतो आणि भिंग फुगतं. आपली ही ताकद चाळिशीनंतर संपत येते, आठ-दहा वर्षांच्या मुलात ती भरपूर असते. असं मूल कॉम्प्युटरच्या मशीनसमोर बसतं, हनुवटी टेकवतं, आत फुग्याचं नाहीतर घराचं चित्र दिसतं. चित्र लांबचं असलं तरी मशीन नाकासमोर आहे हे मुलाला माहीत असतं, त्यामुळे डोळा ताणला जातो. कागदावर येतं मायनस दीड. खरा नंबर मायनस अर्धा असू शकतो, शून्य असू शकतो, कधी प्लससुद्धा निघतो. आणि गंमत बघा, तो जादा नंबरचा चष्मा मूल आनंदाने लावतं! भिंग फुगवून ते जादा मायनस पेलतं, अक्षरं काळीभोर दिसतात. तक्रार येते ती महिन्याभराने, वाचताना डोकं दुखतं म्हणून. पालकांना वाटतं मोबाइलमुळे.

म्हणून मुलाची पहिली तपासणी हा स्नायू सैल करणारे थेंब घालूनच व्हायला हवी. सायक्लोपेंटोलेट १ टक्का, एक थेंब, पाच-दहा मिनिटांनी दुसरा. थेंब घातल्यावर नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा मिनिटभर दाबून धरा, म्हणजे औषध नाकावाटे अंगात कमी जातं. मग अर्धा-पाऊण तास थांबायचं. स्नायू सैल पडला की डॉक्टर रेटिनोस्कोपने, डोळ्यात प्रकाशाची रेघ फिरवून, नंबर काढतात. त्या दिवशी जवळचं धूसर दिसतं, उजेड टोचतो, क्वचित दुसऱ्या दिवशीही. परीक्षेच्या आदल्या दिवशी थेंब नकोत आणि येताना टोपी आणा, एवढंच. ‘थेंब नको, शाळा बुडेल’ असं म्हणून जो चष्मा घरी जातो, तो वर्षभर मुलाच्या नाकावर बसतो.

आता याची उलटी बाजू, आणि ती साताऱ्यात जास्त दिसते. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये याच गावात सुरू झाली. अपशिंगे मिलिटरी हे फौजी गाव इथून काही मैलांवर. घराघरांत वर्दीचं स्वप्न आहे आणि ते मोलाचं आहे. पण त्यापायी आठव्या वर्षी फळा न दिसणाऱ्या मुलाला चष्म्याशिवाय ठेवलं जातं. ‘एकदा चष्मा लागला की भरती गेली.’ नाहीतर दुकानात सांगतात, ‘नंबर जरा कमी घाला, डोळ्याला सवय लागेल.’

डोळ्याला अशी सवय लागत नाही. मायनस नंबर म्हणजे बहुतेक वेळा लांबलेला डोळा. जन्मतः बुबुळापासून मागच्या पडद्यापर्यंत साधारण १७ मिलिमीटर, मोठेपणी २३ ते २४. त्यापुढे एक मिलिमीटर जास्त वाढला की अडीच ते तीन नंबर. वाढलेली लांबी मागे येत नाही, आणि ती चष्म्यामुळे वाढत नाही. मलेशियातल्या एका प्रयोगात मुद्दाम पाऊण नंबर कमी दिलेल्या मुलांचा नंबर पूर्ण चष्मा लावणाऱ्यांपेक्षा जास्त वाढला. तो अभ्यास २००२ मध्ये छापून आला. म्हणजे भरतीसाठी चष्मा टाळणारा बाप मुलाचा नंबर वाचवत नाही. आठव्या वर्षी कळलं असतं तर नंबराची वाढ मंदावण्याचे उपाय हाताशी होते. सतराव्या वर्षी भरतीच्या मेडिकल तपासणीत कळून काय करणार?

शिक्षकहो, तुमच्या हातात एक साधी गोष्ट आहे. सहा मीटरवर तक्ता लावा, एकेक डोळा तपासा. दुसरा डोळा तळहाताने झाका, बोटांनी नको. मुलं फटीतून बघतात. बुबुळ दाबूही नका. खालच्या ओळी येत नसतील तर जाड कागदाला बारीक भोक पाडून त्यातून वाचायला लावा. भोकातून नीट वाचता आलं, तर बहुधा नंबर आहे. त्याला तपासणीला पाठवा.

चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरलीत. मूळ विषय भरभर घेतो.

पहिलं, ऊन. वर्गात तीन-पाचशे लक्स उजेड असतो, बाहेर दहा हजारांच्या वर, झाडाच्या सावलीतही वर्गाच्या कितीतरी पट. त्या उजेडाने पडद्यातलं डोपामीन हे रसायन वाढतं आणि डोळ्याची लांबी आवरली जाते, असं मानतात. चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांमध्ये रोज ४० मिनिटांचा बाहेरचा तास वाढवला. तीन वर्षांत नवा मायनस नंबर ३९.५ ऐवजी ३०.४ टक्के मुलांना लागला. तैवानने २०१० पासून रोज १२० मिनिटांचा आग्रह धरला. म्हणून दोन तास बाहेर, टोपी घालून चालेल. शाळा सुटल्यावर थेट क्लासला जाणाऱ्या मुलाला हे दोन तास कुठून मिळणार, ते घरी बसून ठरवा. उन्हाचा मोठा फायदा नंबर लागण्याआधी. लागल्यावर एकट्या उन्हावर विसंबू नका.

दुसरं, अ‍ॅट्रोपिनचे सौम्य थेंब, रात्री झोपताना एक. हाँगकाँगच्या अभ्यासात ०.०१, ०.०२५ आणि ०.०५ टक्क्यांपैकी ०.०५ सर्वांत उपयोगी ठरले. ०.०१ बद्दल निकाल उलटसुलट आहेत. २०२३ च्या अमेरिकी चाचणीत त्याचा फरक दिसला नाही. थेंब मनाने बंद करू नका, नंबर उसळी घेतो.

तिसरं, खास काचा. मधून स्वच्छ, भोवती बारीक भिंगांची जाळी. महाग आहेत, पण काम करतात, चष्मा नाकावरून घसरला नाही तर. मधला बिंदू बाहुलीसमोरच हवा, म्हणून फ्रेम घट्ट आणि दिवसभर डोळ्यावर. रात्री घालायच्या कडक लेन्स हाही पर्याय आहे, पण हात न धुता लेन्स हाताळणाऱ्या मुलाला नको, बुबुळाला जंतुसंसर्ग होऊ शकतो. गाजर, डोळ्यांचे व्यायाम, निळ्या प्रकाशाच्या काचा यांनी नंबर थांबत नाही.

दर सहा महिन्यांनी तपासणी, शक्य तिथे डोळ्याची लांबीही मोजून घ्या. वर्षात अर्धा किंवा जास्त नंबर वाढला तर तो वेगाने वाढतोय. येताना जुने चष्मे आणि नंबरचे सगळे कागद आणा. औषध सुरू करायचं की नाही, हे त्या कागदांवरूनच ठरवता येतं.