एका टॉवरवर तीन डिश

[दृश्य : जाळीदार डिश घेऊन टॉवरवर चढणारा तंत्रज्ञ]

ही डिश वर बसली की तिचं तोंड दूरच्या दुसऱ्या टॉवरकडे वळवायचं. मधे वीस-वीस किलोमीटर शेतं. डिशमागचं रेडिओ कार्ड मात्र घरच्या वाय-फायचंच, बाजारात सुटं मिळणारं. महाग असतो तो टॉवर.

कानपूर-लखनौ पट्ट्यात आयआयटी कानपूरने 2000 नंतरच्या वर्षांत असं जाळं उभारलं : डिजिटल गँजेटिक प्लेन्स. जिथे तार पोचत नव्हती, तिथे डेटा एका टॉवरवरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर, असा टप्प्याटप्प्याने न्यायचा.

[दृश्य : टॉवरचं टोक, तीन दिशांना तीन डिश]

इथे जरा थांबू या, कारण सगळी अडचण या एका चौकटीत दिसते. तिन्ही डिश जवळजवळ, एकाच चॅनेलवर, म्हणजे लहरींच्या एकाच पट्ट्यात. लांबून आलेला सिग्नल इथवर पोचेपर्यंत क्षीण झालेला असतो. नेमकी त्याच क्षणी शेजारची डिश पाठवू लागली, तर तिच्या बाजूला सांडणाऱ्या लहरी त्याला बुडवून टाकतात.

त्यात वाय-फायचे नियम घर आणि ऑफिस डोळ्यांसमोर ठेवून केलेले. हवेत दुसऱ्या कुणाची चाहूल लागली तर थांबा. पॅकेट, म्हणजे डेटाचा एक तुकडा, मिळालं की लगेच पोच द्या. टॉवरवर या दोन्ही नियमांनी खोळंबा होतो. चाहूल लागली म्हणून डिश उगाच गप्प राहतात. आणि वीस किलोमीटर जायला लहरीला सुमारे 67 मायक्रोसेकंद, यायला तेवढेच. पोच येईपर्यंत कार्ड वाट पाहणं सोडून तेच पॅकेट पुन्हा पाठवतं.

[ॲनिमेशन : टॉवर आळीपाळीने लाल-हिरवे]

आयआयटी कानपूरचे संशोधक भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी 2005 साली यावर 'टू-पी' हा प्रोटोकॉल, म्हणजे पाठवण्या-ऐकण्याची नियमावली, मांडला. एका टॉवरवरच्या सगळ्या डिश एकतर एकदम पाठवतील, नाहीतर एकदम ऐकतील. एक टॉवर पाठवत असेल तेव्हा त्याचे सगळे शेजारी ऐकणार; मग अदलाबदल. लेझीममध्ये एक रांग वाकते तेव्हा समोरची उठते, तसं. ताल धरायला मध्यवर्ती घड्याळ नाही. शेजाऱ्याचं पाठवणं संपल्याची खूण आली की आपली पाळी. खूण वाटेत हरवली, तर ठरावीक वेळ थांबून पुढे जायचं.

एक अट आहे. तीन टॉवर त्रिकोणात जोडले की गणित फसतं : दोघं पाठवतात, एक ऐकतो, आणि पाठवणाऱ्या दोघांमधला दुवा वाया जातो. म्हणजे कोणता टॉवर कुणाला जोडायचा, डेटाचा रस्ता कुठून न्यायचा, हे पाळी ठरवतानाच ठरवावं लागतं. हे दोन निर्णय वेगळे करता येत नाहीत, आणि या कामातलं खरं कौशल्य तिथेच आहे.

[दृश्य : कार्डाचा क्लोज-अप, अँटेनाची दोन टोकं]

हे कार्ड नीट बघा. त्याला अँटेनाची दोन टोकं आहेत. डिश जोडलीय एकाच टोकाला. पाठवायच्या वेळी सॉफ्टवेअर कार्डाला सांगतं, दुसऱ्या टोकाने ऐक. तिथे काहीच जोडलेलं नाही. कार्डाला वाटतं हवा मोकळी आहे, आणि ते बिनदिक्कत पाठवतं. पोच द्यावी लागू नये म्हणून पॅकेटवर 'सर्वांसाठी' असा पत्ता घातला; तशा पॅकेटला पोच द्यायची नसते. नवी चिप बनवावी लागली नाही. खेड्यासाठीचं तंत्रज्ञान असंच हवं : जे हाताशी आहे त्यातून, आणि पूर्ण विचार करून.

[दृश्य : थेनी, तमिळनाडू. नेत्र तपासणी केंद्र]

बर्कली विद्यापीठाच्या गटाने 2007 मध्ये हीच कल्पना पुढे नेली. काही पॅकेटं वाटेत गळली तरी भागेल अशी जादा माहिती सोबत पाठवली, पोच एकेक न देता गठ्ठ्याने दिली. अरविंद नेत्र रुग्णालयाची गावोगावची केंद्रं थेनीशी जोडली गेली. रुग्ण गावात, डॉक्टर रुग्णालयात, मधे व्हिडिओ. पुढे हे जाळं सांभाळायला तिथलेच कर्मचारी शिकले.

[रुग्ण आणि डॉक्टरांचा मूळ आवाज]