काचेच्या पेटीतली इमारत: मॉडेल काय सांगतं, काय लपवतं

(टेबलावर मातीचा किल्ला. बुरुजाशेजारी महाराज, खाली वाघ.)

नमस्कार मंडळी! हा किल्ला माझ्या पुतण्याने केलाय. अळीव छान उगवलंय, तळ्यात पाणीसुद्धा आहे. भानगड एकच: महाराज स्वतःच्या महादरवाजातून आत जाऊ शकत नाहीत. दरवाजा त्यांच्या गुडघ्याला लागतो. आणि वाघ बुरुजाएवढा!

दिवाळीत हे चालतं, चालायलाच हवं. आर्किटेक्टच्या मॉडेलमध्ये मात्र सगळं एकाच मापाने लहान होतं. १:१०० म्हणजे खरा १ मीटर तिथे १ सेंटीमीटर. ३ मीटरचा मजला ३ सेंटीमीटर, उभा माणूस जेमतेम पावणेदोन.

एवढी शिस्त कशाला? तर प्लॅन वाचणं हा सवयीचा भाग आहे. बरेच क्लायंट प्लॅन बघून मान डोलावतात आणि स्लॅब पडल्यावर विचारतात, "अहो, जिन्यात इतका अंधार?" मॉडेलचं छप्पर उचलून दाखवलं की तोच प्रश्न कितीतरी आधी येतो. तेव्हा भिंत सनबोर्डची, म्हणजे हलक्या फोमच्या पुठ्ठ्याची असते. कटरने कापली, सरकवली, झालं.

पण मला आज खरं दाखवायचंय ते वेगळंच.

(गळ्यातली साखळी काढून दोन टोकांना धरतो.)

हा मधला झोल मी पाडलेला नाही. साखळीच्या वजनाने तो आपोआप पडलाय. साखळीला ढकलता येत नाही, ओढताच येतं, म्हणून तिच्यात असतो फक्त ताण. आता या साखळीचा फोटो उलटा करू.

(स्क्रीनवर उलटा फोटो.)

झाली की नाही कमान? ताण होता तिथे दाब आला. आणि दगड-विटेला दाब सोसतो, ताण नाही सोसत.

स्पेनमधल्या बार्सिलोनाच्या आन्तोनी गाउदी या आर्किटेक्टने ही युक्ती अख्ख्या चर्चसाठी वापरली. शहराबाहेर कोलोनिया ग्युएल नावाची गिरणी कामगारांची वसाहत होती, तिथलं चर्च. गाउदीने एका शेडमध्ये १:१० च्या मापात दोऱ्या टांगल्या आणि जिथे जेवढा भार येणार, तिथे त्या प्रमाणात शिशाचे छर्रे भरलेल्या पुरचुंड्या बांधल्या. एक पुरचुंडी हलवली की आजूबाजूच्या दोऱ्या आपोआप नवी जागा घ्यायच्या. म्हणजे आकडेमोड दोऱ्याच करत होत्या, कॉम्प्युटर नसताना! मग फोटो काढायचा, उलटा धरायचा आणि त्यावर चर्च रंगवायचं. या उद्योगात सुमारे १० वर्षं गेली. बांधकाम १९०८ मध्ये सुरू झालं आणि पुरं झालं ते फक्त चर्चचं तळघर. तोटाच म्हणा ना. पण तिथे हाताला लागलेलं ज्ञान गाउदीने सग्रादा फामिलिया या बार्सिलोनातल्या प्रचंड चर्चमध्ये वापरलं.

तिथली गोष्ट तर अजून भारी आहे. गाउदी गेला १९२६ मध्ये. १९३६ मध्ये, स्पेनच्या यादवी युद्धाच्या सुरुवातीला, त्याच्या कार्यशाळेची नासधूस झाली. नकाशे जळाले, प्लास्टरची मॉडेलं फुटली. नंतरच्या लोकांनी ते तुकडे गोळा केले, जुळवले आणि त्यांच्यावरून पुढचं बांधकाम समजून घेतलं. कागदाची राख झाली, प्लास्टरचे निदान तुकडे तरी उरले.

आता कोणी म्हणेल, मॉडेल टेबलावर ताठ उभं आहे, म्हणजे इमारतही उभी राहणार. तसं नसतं हो. सगळी मापं १०० पट वाढवली की वजन १० लाख पट वाढतं, पण खांबाच्या छेदाचं क्षेत्रफळ वाढतं १० हजार पटच. म्हणजे मटेरियल तेच ठेवलं, तर खांबाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर १०० पट भार. गाउदीचं जमलं, कारण त्याने दोऱ्यांना कमानीचा आकार विचारला होता, दगडाची ताकद नव्हे. आकार मापाबरोबर बदलत नाही.

आणि बिल्डरच्या ऑफिसातलं ते काचेच्या पेटीतलं मॉडेल? दिवे लागलेले, झाडं डेरेदार, रस्त्यावर दोनच गाड्या. ते फ्लॅट विकण्यासाठी केलेलं असतं, त्यात गैर काही नाही. फक्त आपण बघताना जरा चोखंदळ असावं. आधी माप विचारा. मग झाड मोजा. १:१०० मध्ये १० सेंटीमीटरचं झाड म्हणजे १० मीटर, तीन मजल्यांहून उंच. ताबा मिळेल तेव्हा तिथे कमरेएवढं रोप असणार! शेजारच्या प्लॉटवर हिरवळ दाखवली असेल, तर तो प्लॉट कोणाचा, हेही विचारा.

मग उत्तर दिशा कुठे आहे ते विचारा आणि मोबाइलचा टॉर्च काढा. डिसेंबरात पुण्यात भर दुपारी सूर्य दक्षिणेला साधारण ४८ अंशांवर असतो. त्या वेळी २१ मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेला जवळजवळ १९ मीटर पडते, मॉडेलमध्ये १९ सेंटीमीटर. टॉर्च दक्षिणेकडून, जरा लांबून धरा, जवळून सावली फाकते. सावली कुठवर जाते ते बघा.

(किल्ल्यावर टॉर्च मारतो.)

आमच्या महाराजांची तर थेट तळ्यात पडतेय.