जोरात मारणाऱ्याला हळू बॉल द्या

(पडद्यावर: जुने फोटो, विम्बल्डनचं सेंटर कोर्ट)

५ जुलै १९७५, विम्बल्डन, पुरुषांची फायनल. एका बाजूला जिमी कॉनर्स, वय २२, आदल्या वर्षीचा चॅम्पियन, फायनलपर्यंत एकही सेट न हरता आलेला. दुसऱ्या बाजूला आर्थर अ‍ॅश, बत्तिशीला पाच दिवस कमी, कॉनर्सविरुद्धच्या आधीच्या तिन्ही मॅच हरलेला. त्यात भर म्हणजे कॉनर्सने अ‍ॅशवर बदनामीचा दावा ठोकलेला, त्यामुळे दोघांचं एकमेकांशी किती गोड चाललं असेल ते सांगायला नको. निकाल काय लागणार हे बहुतेकांनी आधीच ठरवून टाकलं होतं.

आणि पहिले दोन सेट अ‍ॅशने ६-१, ६-१ असे खिशात घातले.

ते कसं जमलं हे जरा नीट बघूया, कारण रविवारी सकाळी क्लबवर खेळणाऱ्या माणसाला आजच्या टॉपच्या प्लेयर्सचे हायलाइट्स बघून जेवढं शिकता येत नाही तेवढं ह्या एका मॅचमधून शिकता येतं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सेमीफायनलला कॉनर्ससमोर रॉस्को टॅनर होता, म्हणजे त्या काळातली एकदम तोफेसारखी सर्व्हिस. टॅनर जोरात मारायचा आणि बॉल त्याहून जोरात परत यायचा, तीन सेटमध्ये विषय संपला. कॉनर्सचं सगळं दुकान समोरच्याच्या भांडवलावर चालायचं, तुम्ही पेस, म्हणजे बॉलला वेग द्या, तो तुमचाच पेस तुम्हाला व्याजासकट परत करणार. अ‍ॅश स्वतः जोरात मारणाराच प्लेयर, पण मित्रांबरोबर बसून त्याने प्लॅन केला की उद्या भांडवल द्यायचंच नाही.

मग काय काय केलं? कॉनर्स डावखुरा, बॅकहँड दोन हातांनी. दोन हातांची पोच कमी पडते. म्हणून ड्यूस कोर्टवर, म्हणजे स्वतःच्या उजव्या अर्ध्या भागातून, अ‍ॅशने कट मारलेली, म्हणजे रॅकेट बॉलला घासून फिरवलेली सर्व्हिस बाहेर, पार साइडलाइनकडे टाकली, बॉल वळत वळत कॉनर्सच्या बॅकहँडपासून लांब जातोय आणि तो कोर्टाबाहेर खेचला जातोय, अर्धं कोर्ट मोकळं. रॅलीत त्याच्या फोरहँडला खाली राहणारे, मेलेले बॉल, ज्यांना जोरच नाही. आणि कॉनर्स नेटवर आला की लॉब, म्हणजे डोक्यावरून उंच टाकलेला बॉल. गुडघ्याच्या उंचीवरचा मेलेला बॉल फोरहँडने उचलून जोरात मारायचा म्हणजे नेट पार करायला वर मारावं लागतं, वर आणि जोरात मारला की बाहेर जातो, हळू मारला की अ‍ॅश नेटवर उभाच आहे. कॉनर्सचे फोरहँड नेटमध्ये जायला लागले.

तिसरा सेट कॉनर्सने ७-५ घेतला, चौथ्यात ३-० पुढे गेला. इथे कोणीही घाबरून आपल्या जुन्या सवयीवर गेला असता, मारामारी सुरू केली असती. अ‍ॅश बदलला नाही, परत तेच पाणचट बॉल, आणि चौथा सेट ६-४.

(पडद्यावर: पुण्यातलं एक क्लब कोर्ट, मार्कर बास्केटमधून बॉल देतोय)

आता आपल्याकडे या. आपल्यापैकी बहुतेकजण टेनिस शिकतात मार्करसमोर, म्हणजे क्लबवर प्रॅक्टिस देणाऱ्या माणसासमोर. मार्कर बिचारा चांगला असतो, कमरेच्या उंचीवर, एकाच स्पीडने, एकाच जागी बॉल देतो, आपण धाडधाड मारतो, मस्त आवाज येतो, वाटतं आपला फोरहँड जबरदस्त झालाय. मग मॅचमध्ये समोर येतात साठीतले काका, गुडघ्याला पट्टा, आणि पहिलाच बॉल येतो कट मारलेला, टप्पा पडून सरपटतो, पुढचा येतो दोन मजले वर गेलेला आणि खांद्याच्या वर उसळलेला. दोन्ही वेळा आपण उभे चुकीच्या जागी. अर्ध्या तासात ६-२, आणि घरी जाताना बडबड चालू, हे काय टेनिस आहे का, नुसतं ढकलतात.

टेनिसच आहे हो ते! क्लब लेव्हलला पॉइंट बहुतेक वेळा कोणी जिंकत नाही, समोरचा हरतो. फास्ट बॉलला रॅकेट नुसती मधे धरली तरी बॉल परत जातो, हळू बॉलला स्वतः पुढे जावं लागतं, थांबावं लागतं, जोर स्वतःचा लावावा लागतो, आणि थांबताना डोक्यात विचार सुरू होतात की तिरका क्रॉस मारू का सरळ लाइनला, तिथेच गडबड.

अर्थात नुसतं हळू खेळून पण भागत नाही हे पण सांगायला हवं, सतत हळू खेळलं की समोरच्याला त्याचीच लय सापडते. पेस बदलायला आधी पेस असावा लागतो. दोन-तीन बॉल खोल, टॉपस्पिनने, म्हणजे बॉल पुढच्या दिशेने फिरवत, मग एक कट. आणि कृपा करून बेसलाइनवरून ड्रॉप, म्हणजे नेटच्या पलीकडे लगेच पडणारा हलका बॉल, मारू नका. बेसलाइन ते नेट जवळजवळ १२ मीटर, एवढ्या लांबून हवेत तरंगत जाणारा ड्रॉप म्हणजे समोरच्याला चालत येऊन वाचून घ्यायला दिलेलं पत्रच. कोर्टाच्या आत पाय असतील, बॉल कमरेवर असेल आणि समोरचा मागे सरकलेला असेल, तेव्हाच.

कट मारताना ग्रिप कॉन्टिनेन्टल, म्हणजे हातोडी धरतो तशी, रॅकेटचं तोंड किंचित उघडं, वरून खाली पण पुढे. नुसतं खाली चॉप केलं तर बॉल तरंगतो आणि तुमची धुलाई होते.

आणखी एक सोपं गणित. नेट मधे ९१.४ सेंटीमीटर, खांबांपाशी १०७. सिंगल्सचं कोर्ट सरळ लाइनला २३.७७ मीटर लांब, कोपऱ्यातून कोपऱ्यात पंचवीसला थोडं जास्त, साधारण २५.१५. म्हणजे क्रॉसकोर्टला नेट खालचं आणि जागा सव्वा मीटरहून जास्त. संकटात असाल तर उंच आणि क्रॉस, एवढं लक्षात ठेवलं तरी खूप आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, हवा जराशी विरळ, त्यामुळे मुंबईहून येणाऱ्यांचे लॉब इथे थोडे लांब जातात, मग दोष रॅकेटच्या तारांना.

(पडद्यावर: रमेश कृष्णनचे फोटो)

आणि हे म्हाताऱ्यांचं टेनिस असं कोणी म्हणालं तर आपल्या भारताच्या रमेश कृष्णनचं नाव घ्या. सर्व्हिस साधीच, पण टच असा की १९८९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला दुसऱ्या राउंडमध्ये त्याने मॅट्स विलँडरला सरळ सेट्समध्ये घरी पाठवलं, विलँडर तेव्हा जगात नंबर एक आणि आदल्या वर्षीचा तिथला चॅम्पियन. वडील रामनाथन कृष्णन तर विम्बल्डनच्या सेमीफायनलला दोनदा, १९६० आणि १९६१, आणि तेही असंच हात मऊ ठेवून.

डबल्समध्ये तर हे सगळं दुप्पट चालतं. रिटर्न नेटवरच्या माणसाच्या डोक्यावरून टाका, पुढे येणाऱ्याच्या पायाशी टाका. एकदा लॉब बसला की नेटवाला पुढच्या पॉइंटला दोन पावलं मागे उभा राहतो, मग पायाशी मारायला जागाच जागा.

प्रॅक्टिससाठी मार्करला सांगा, एकसारखे बॉल नकोत, एक खोल, एक आखूड, एक उंच, काहीही न सांगता. आणि वॉर्मअपला पार्टनरबरोबर फक्त सर्व्हिस बॉक्समध्ये अकरा पॉइंटची गेम खेळा, जोरात मारायला बंदी. पहिले काही दिवस निम्मे बॉल नेटमध्ये जातील, कारण हळू मारायला पाय जास्त हलवावे लागतात, आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.